शाळेच्या संग्रहातील सेल्युलॉइडची बाहुली, रबरी गॅस मास्क आणि चिकट झालेली वायर : बंद ठेवावे की उघडे?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमधील एका जुन्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून शाळेच्या संग्रहाची खोली गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. खोली कसली, वरच्या मजल्यावरचा पत्र्याच्या छपराखालचा एक वर्ग आहे आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटांत मांडल्या आहेत. पोथ्या, तांब्याची भांडी, दौती यांची निगा कशी राखावी हे सांगणारी माणसे मला वेळोवेळी भेटली. प्लास्टिक आणि रबर यांच्याबद्दल मात्र मी कोणालाही काही विचारले नाही, कारण ज्याला वाळवी लागत नाही आणि जे कुजत नाही त्याला जपायचे ते काय, असे मला वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी छप्पर गळू लागले म्हणून या वस्तू मी जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या, पिशव्यांची तोंडे चिकटपट्टीने बंद केली आणि सगळे एका पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले. गेल्या आठवड्यात पेटी उघडली तेव्हा नाकात झणका बसेल असा वास आला. बाहुलीच्या अंगावर जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत, तिचे पोट पिवळे पडून चिकट झाले आहे आणि तिच्याच पिशवीतल्या निबांच्या डबीला गंज, तर पितळी किल्लीला हिरवा थर चढला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गॅस मास्कचे रबरी पट्टे कडक होऊन तडकले आहेत आणि त्याच्यासोबत ठेवलेली वक्तृत्व स्पर्धेची चांदीची ढाल काळीठिक्कर पडली आहे. टेलिफोनचा काळा डबा ठीक आहे, पण त्याची वायर काकवीसारखी चिकट झाली आहे. ग्रामोफोनच्या तबकड्यांना काहीच झालेले नाही.

मी हवा आत जाऊ दिली नाही, ही चूक झाली का? आणि आता नेमके काय करावे?

रसायनी

बाई, तुमच्या वर्णनावरून बाहुली सेल्युलॉइडची असावी. सेल्युलॉइड म्हणजे कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारे सेल्युलोज नायट्रेट आणि त्याला आकार देता यावा म्हणून मिसळलेला कापूर. देव्हाऱ्यातली कापराची वडी डबीचे झाकण उघडे राहिले की उडून जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बाहुलीतला कापूरही तसाच, फक्त फार सावकाश, वर्षानुवर्षे उडत असतो. त्यामुळे ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सेल्युलोज नायट्रेट विघटित होताना नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतील दमटपणाशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते. ते आम्ल पुन्हा त्याच वस्तूवर काम करून विघटनाचा वेग वाढवते. तुम्ही पिशवीचे तोंड बंद केल्याने वायू आतच कोंडला गेला, बाहुली स्वतःच्याच वाफेत भाजत राहिली आणि निबांवरचा गंज व किल्लीवरचा हिरवा थर हा त्याच वाफेचा प्रताप आहे. तेव्हा बाहुलीपुरते आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, चूक झाली’ असेच द्यावे लागेल.

पंचवटीकर

दर कुंभमेळ्यानंतर आम्ही गोदावरीतून पोत्यांनी प्लास्टिक उपसतो आणि ते हजार वर्षे जात नाही म्हणून भाषणे ऐकतो. इथे मात्र बाईंचे प्लास्टिक दोन पावसाळ्यांत गेले. ही किमया महानगरपालिकेला कळवावी काय?

जतनकार

पंचवटीकर, आपला विनोद रास्त आहे, पण त्यात विसंगती नाही. नदीतल्या पिशवीचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि ते कण उरतातच. वस्तूचे तसे नसते. बाहुलीचे नाक वितळले, वायर चिकटली किंवा पट्टा तुटला की त्यातला पदार्थ जगात कुठेतरी शिल्लक असूनही संग्रहाच्या दृष्टीने वस्तू संपलेली असते.

बाई, मी वस्तूंच्या जतनाचे काम करते. आमच्या क्षेत्रात सेल्युलोज नायट्रेट, सेल्युलोज अॅसिटेट, मऊ पीव्हीसी आणि पॉलियुरेथेनचा फोम या चौघांना सर्वांत खोडकर मानले जाते. ते स्वतः तर बिघडतातच, शिवाय त्यांतील काही शेजाऱ्यांनाही बिघडवतात. म्हणून पेटीतील सर्व वस्तू आजच एकमेकांपासून वेगळ्या करा. बाहुली हवा खेळती असलेल्या, थंड आणि कोरड्या जागी आम्लविरहित कागदावर ठेवा. तिच्याजवळ धातूची वस्तू नको, उदबत्ती किंवा निरांजन तर मुळीच नको, कारण सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. हात लावताना हातमोजे वापरा आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

बेकेलाइट

माझ्याकडे जुन्या रेडिओंचा लहानसा संग्रह आहे, त्यात एक मर्फीही आहे. बेकेलाइटचा डबा मी वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हलका हात देऊन पुसतो आणि तो आरशासारखा चमकतो. रबरी वायरींनाही तेच तेल लावल्याने त्या मऊ राहतात. बाईंनी करून पाहावे, खर्चही नाही.

जतनकार

बेकेलाइट, डब्याबद्दल वाद घालणार नाही, जरी तेलावर धूळ बसते आणि पुढे ते तेलच पिवळे पडते. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून १९०७ साली बेकलंड यांनी तयार केलेला हा पदार्थ मुळात बराच टिकाऊ आहे. त्याची वरची तकाकी उन्हाने आणि ओलाव्याने जाते आणि आतला लाकडाचा भुसा उघडा पडतो, इतकेच. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे.

रबराला मात्र तेल लावू नका, ही कळकळीची विनंती आहे. तेल रबरात शिरते, रबर फुगते आणि आपल्याला जो मऊपणा वाटतो तो वास्तविक त्याच्या कमजोरीचा असतो. खोबरेल, एरंडेल, व्हॅसलिन या सर्वांची गत सारखीच. टाल्कम पावडरही चिकट झालेल्या रबरात रुतून बसते आणि नंतर निघत नाही.

बेकेलाइट

वीस वर्षे मी तेल लावत आलो आहे आणि दोन वायरी तुटल्या, पण मी दोष वायरींना दिला होता. असो.

देवळालीकर

गॅस मास्कविषयी कोणी बोललेले नाही म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश बनावटीच्या मास्कच्या गाळणीत अॅस्बेस्टॉसचे तंतू वापरलेले असत. देवळालीसारख्या छावणीच्या गावांत असे मास्क घरोघरी निघतात आणि मुले ते तोंडाला लावून फोटो काढतात. आपल्याकडे तसे होऊ देऊ नका. गाळणीचा डबा हलवू नका, उघडू नका, त्यात फुंकर घालू नका. त्याला जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून त्यावर स्पष्ट सूचना लिहा.

गोदाकाठ

देवळालीकर, आपले उपकार झाले. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक संमेलनात सातवीच्या एका मुलाने तो मास्क घालून प्रवेश केला होता आणि टाळ्या मीच वाजवल्या होत्या. मास्क आता कुलपात आहे.

एक शंका आहे. चांदीची ढाल काळी का पडली? ती बाहुलीजवळ नव्हती.

रसायनी

गुन्हेगार मास्कचे रबर आहे, बाई. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक घालून ते तापवतात. ही प्रक्रिया अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये तिचे पेटंट घेतले. रबर म्हातारे होऊ लागले की त्यातील गंधकाची संयुगे बाहेर पडतात आणि चांदीवर सल्फाइडचा काळा थर बसतो. ही शत्रुता परस्परांची आहे. तांबे आणि त्याचे क्षार रबराचे ऑक्सिडेशन झपाट्याने वाढवतात, त्यामुळे पितळी बकल असलेला रबरी पट्टा बहुधा बकलाशीच आधी खराब होतो. आपल्या मास्कच्या पट्ट्यांचे तसे झाले आहे का, ते पाहा.

गोदाकाठ

बकलापाशी तर आहेच, पण तडे पट्ट्याच्या लांबीला आडवे, एकाखाली एक असे ओळीने पडले आहेत. कोणी सुरीने खाचा पाडाव्यात तसे.

जतनकार

हे ओझोनचे लक्षण आहे. ताणलेल्या रबरावर ओझोन हल्ला करतो तेव्हा तडे ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. मास्क पूर्वी पुतळ्याच्या डोक्यावर ताणून बसवला होता का? आणि खोलीत किंवा शेजारी झेरॉक्सचे यंत्र आहे का? त्यातून ओझोन निघतो.

गोदाकाठ

पेटीत जाण्यापूर्वी तो चार वर्षे मातीच्या डोक्यावर चढवलेला होता. झेरॉक्सचे यंत्र त्याच खोलीत आहे, कारण शाळेत दुसरी जागा नाही. आपण नाशकात येऊन खोली पाहून गेलात की काय, अशी शंका येते आहे.

निफाडकर

मी द्राक्ष बागायतदार असून संग्रहालयातले मला काही कळत नाही, पण प्लास्टिक उन्हात काय होते हे आम्ही रोज पाहतो. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, असे मी पूर्वी विक्रेत्याला विचारले होते. त्यांतील काजळी अतिनील किरणे शोषून घेते आणि नळी वाचते. तीच नळी पांढऱ्या प्लास्टिकची असती तर काही हंगामांतच हाताने चुरली असती. बागेवर घालायच्या आच्छादनातही याच कारणाने वेगळे रसायन मिसळलेले असते आणि ते संपले की कागद फाटू लागतो.

माझे म्हणणे इतकेच की बाईंची खोली पत्र्याखाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशीला टेकला की पत्र्याखाली काय होत असेल ते आम्हाला शेडमध्ये उभे राहिल्यावर कळते. औषधोपचाराआधी रोग्याला सावलीत आणा.

रसायनी

निफाडकरांनी मर्मावर बोट ठेवले आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे वरच्या वर्गातून खालच्या मजल्यावरच्या उत्तराभिमुख खोलीत वस्तू हलवणे हा कोणत्याही रसायनापेक्षा मोठा उपचार ठरेल. जुन्या वाड्यांची जाड भिंतींची माजघरे याच कामाची असतात. घरच्या फ्रिजमध्ये मात्र वस्तू ठेवू नका, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते, आणि सेल्युलॉइडसारखा ज्वालाग्राही पदार्थ अन्नाशेजारी ठेवणे योग्य नाही.

तिसरी_घंटा

सेल्युलॉइडचा विषय निघाला आहे आणि गाव नाशिक आहे, तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकला देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांचे नाव कसे टळेल? ज्या पदार्थाची बाईंची बाहुली आहे, त्याच पदार्थाच्या पट्टीवर त्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला. त्यांच्या चित्रपटांपैकी आज फार थोडे अंश उरले आहेत. ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट फिल्मचा वापर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू राहिला आणि मग तिची जागा ‘सुरक्षित’ म्हणवणाऱ्या अॅसिटेट फिल्मने घेतली. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल.

अॅसिटेट सहज पेट घेत नाही, पण त्याला व्हिनेगरचा वास येऊ लागतो आणि पट्टी आक्रसते. एकदा तो वास सुटला की शेजारच्या डब्यांतल्या रिळांनाही लागण होते. अशा डब्यात ठेवण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. त्या निळ्या असतात आणि आम्ल वाढत जाईल तशा हिरव्या व मग पिवळ्या होतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात फिरताना मला नेहमी वाटते की तिथल्या बागेपेक्षा एक थंड कोठार उभे राहिले असते तर बरे झाले असते. अर्थात हे माझे मत आहे.

नाणेवेडा

सगळे ‘उघडे ठेवा’ म्हणत आहेत, पण वायरीचा प्रश्न बाजूलाच राहिला, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी नाणी जमवतो. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था असल्याने आमच्या भागात या छंदाला बरे दिवस आहेत. १९९० च्या दशकात मी बरीच तांब्याची नाणी मऊ, पारदर्शक कप्प्यांच्या अल्बममध्ये घातली. काही वर्षांनी कप्पे घामेजल्यासारखे झाले आणि नाण्यांवर हिरवा चिकट लेप बसला. ते कप्पे पीव्हीसीचे होते. हळूहळू निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल तांब्याला खात होते आणि मऊपणा आणणारे तेल, म्हणजे प्लास्टिसायझर, झिरपून वर येत होते. नाणी अॅसिटोनमध्ये बुडवून लेप काढला, पण धातूला पडलेले खड्डे तसेच राहिले. आता मी फक्त पॉलिएस्टरचे कप्पे वापरतो.

तेव्हा बाईंची वायर पीव्हीसीची असेल तर तिला बंद ठेवणे चूक की बरोबर?

जतनकार

नाणेवेडा यांनी खरी गाठ दाखवली. इथे उत्तर उलटते. मऊ पीव्हीसीमधला प्लास्टिसायझर हवेत आणि शेजारच्या वस्तूंमध्ये निघून जातो. तो गेला की वायर आक्रसते, ठिसूळ होते आणि मग तडकते. त्यामुळे पीव्हीसी बंद ठेवलेलेच चांगले. मात्र बाईंनी वापरलेली पॉलिथिनची पिशवी चालत नाही, कारण पॉलिथिन प्लास्टिसायझर शोषून घेते आणि टीपकागदाचे काम करते. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत वायर ठेवली तर आतली हवा एकदा भरून गेली की पुढचे झिरपणे मंदावते. त्याच बरणीत कोळशाची पुडी मात्र टाकू नका, तीही प्लास्टिसायझर ओढून घेते. वरचा चिकट थर पुसण्याचा मोहही टाळावा, कारण पुसला की आतला माल पुन्हा वर येतो.

म्हणजे एकाच पेटीतली बाहुली उघडी हवी, वायर काचेत बंद हवी आणि रबराला तिसरीच वागणूक हवी. रबराचा वैरी ऑक्सिजन आहे. म्हणून मास्क ताण न देता, पॉलिएस्टरच्या कापसाने आतून आधार देऊन, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद थैलीत ठेवतात. चकलीच्या पाकिटात लोहभुकटीची छोटी पुडी निघते ना, तेच तत्त्व. थैली साधी चालत नाही, तिच्यातून ऑक्सिजन पार होतो. त्यासाठी बहुपदरी थैली लागते. रबर आणि आधार यांच्यामध्ये सिलिकॉन लावलेला कागद घाला, म्हणजे पुढे चिकटणार नाही.

पंचवटीकर

मग आमच्यासारख्याने वस्तू कशाची आहे हे ओळखायचे कसे? वडील सुई तापवून टोचायला सांगत.

रसायनी

वडिलांचा आदर राखून सांगतो, तापलेली सुई सेल्युलॉइडला लावणे म्हणजे फटाक्याला उदबत्ती लावणे आहे, आणि वस्तूला भोक पडते ते वेगळेच. आधी नाक आणि बोट वापरा. अंगठ्याने घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, व्हिनेगरचा आला तर अॅसिटेट, कार्बोलिकसारखा आला तर बेकेलाइट असा प्राथमिक अंदाज बांधता येतो. खात्री हवी असेल तर ज्या महाविद्यालयात पदार्थ ओळखण्यासाठी अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट घेण्याचे यंत्र आहे तिथे विनंती करावी. कणभर नमुना पुरतो.

शेजारच्या वस्तूंना त्रास होतो का हे तपासायची एक युक्ती आहे. ब्रिटिश संग्रहालयात अँड्र्यू ऑडी यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत संशयित पदार्थाचा तुकडा, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या घासलेल्या पट्ट्या काचनळीत बंद करून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. चांदी गंधकाची चहाडी करते, शिसे सेंद्रिय आम्लांची आणि तांबे क्लोराइडांची. प्रदर्शनाच्या कपाटात घालायचे कापड, फोम, रंग हे सगळे आधी असे तपासावे.

बेकेलाइट

तबकड्यांना काही का झाले नाही, हे कोणी सांगितले नाही. त्या लाखेच्या असतील तर स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. उभ्या ठेवा, आडवी चळत लावू नका. एवढा तरी माझा सल्ला चालावा.

जतनकार

हा सल्ला अगदी बरोबर आहे.

तिसरी_घंटा

बाहुली वाचत नसेल तर त्रिमितीय छपाईने हुबेहूब प्रतिकृती करून कपाटात ठेवता येईल.

पंचवटीकर

प्रतिकृतीही प्लास्टिकचीच होणार. म्हणजे पन्नास वर्षांनी हाच धागा पुन्हा वर येईल.

गोदाकाठ

काही महिन्यांनी लिहिते आहे. वस्तू तळमजल्यावरच्या जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत हलवल्या, तिच्या भिंती हातभर जाड आहेत. झेरॉक्सचे यंत्र मुख्याध्यापकांच्या दाराशी नेले, त्यावर त्यांची नाराजी आहे. लोणच्याची काचेची बरणी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून वायर तिच्यात ठेवली आहे आणि शिपायांनी स्वतःहून तिच्यावर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावली आहे. ढाल मी घासलेली नाही. सराफ बाजारातील एका जुन्या कारागिरांनी ती पाहून, नक्षी झिजेल, काळी असली तरी राहू द्या, असे सांगितले.

बाहुलीविषयी ती देणाऱ्यांच्या नातीशी बोलले. बाहुलीचे सर्व बाजूंनी फोटो घेतले, मापे घेतली, पाठीवरच्या छापाची नोंद केली आणि आता ती एकटी, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. नातीचे म्हणणे पडले की ती हळूहळू जात असेल तर जाऊ द्यावी, पण कचऱ्यात टाकू नये. दर महिन्याच्या एक तारखेला मी खोक्यात निळा लिटमस कागद ठेवते. या महिन्यात तो तांबूस झाला, पण कडा तेवढ्याच.

रसायनी

कडा तांबूस म्हणजे वायू अजून निघतो आहे, पण साचत नाही. खोके खिडकीपासून दूर आणि छिद्रे मोकळी राहू द्या. बाई, एक विचारायचे राहिले. शाळेत टेबल टेनिस खेळतात का? आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचेच चेंडू चालत असत.

गोदाकाठ

आत्ताच क्रीडाशिक्षकांचे कपाट उघडून पाहिले. जुन्या चेंडूंचे चार डझन भरलेले खोके आहे आणि त्याला टेकून प्रयोगशाळेचे जास्तीचे स्पिरिटचे दिवे ठेवले आहेत. मधल्या सुट्टीच्या आत ते दोन वेगळ्या इमारतींत जातील.